ब्रेक लागला नाही

परवा माझ्या भाच्याचा फोन आला. "आत्या, तू गॅरेजमध्ये काय करत होतीस?" कुणीतरी माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. ट्रकच्या मागच्या चाकापाशी मी स्टुलावर बसलेली, साडीचा पदर खोचलेला आणि हातात खडू! निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाईंचा खडू काही सुटत नाही, असं खाली कुणीतरी लिहिलंही होतं. मी भाच्याला म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहीन. तो नानाचा मुलगा, म्हणून तर नीटच लिहायला हवं.

नाना म्हणजे माझा धाकटा भाऊ. माहेरी थोडी शेती, ती सगळ्यांना पुरणारी नव्हती. मी शिकले, बाहेरून परीक्षा देत बी.ए. झाले, शाळेत लागले. नाना आठवीतून बाहेर पडला, आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाला. आमच्या निफाड तालुक्यातून वाशीच्या बाजारात कांदा न्यायचा, येताना मिळेल तो माल आणायचा. बारा वर्षं त्याने ट्रक चालवला आणि एकदाही कुठे खरचटलं नाही.

मे 1993. उन्हाळ कांद्याचा हंगाम. दहा टायरी ट्रक, मागे पंधरा टन कांदा. पहाटे इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना गाडी त्याच्या हाताबाहेर गेली. एका बाजूला दरी आणि पुढे गाड्या. नानाने ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. गटारात चाकं गेली, केबिन कातळावर आदळली. नानाचा हात मोडला. क्लीनरचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तो पोरगा आमच्याच गावचा, एकोणीस वर्षांचा.

दवाखान्यातून घरी आल्यावर नाना एकच वाक्य म्हणत होता, "ब्रेक लागला नाही."

मालक म्हणाला, ड्रायव्हरला डुलकी लागली. गावात कुणी म्हणालं, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरत असणार. कुणी आणखी काही म्हणालं, ते लिहीत नाही. आमचे काका म्हणाले, हवा संपली असेल. त्यावर नाना म्हणाला, "काका, हवा गेली असती तर गाडी जागेवर जखडली असती. काटा सातवर होता, मी बघितला ना. पायाला पेडल घट्ट लागत होतं. हँडब्रेक ओढला. खालचा गियर टाकायला गेलो तर पडेना. पण ब्रेक लागला नाही."

आता माझा भाग. मी तेव्हा सुट्टीत माहेरी आले होते. मी मराठीची शिक्षिका, पण शाळेत विज्ञानाला माणूस कमी म्हणून आठवीचं सामान्य विज्ञानही माझ्याकडे असायचं. त्यामुळे या विषयात घरात शेवटचा शब्द माझा. मी वहीचा कागद घेतला आणि ओसरीवर सगळ्यांसमोर लिहिलं : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. म्हणून बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ बदलत नाही. दाब तू म्हणतोस पुरेपूर होता. मग बलही पुरेपूर असलंच पाहिजे. मग ब्रेक लागला नाही, हे कसं होईल? एक तर काटा सातवर नव्हता, नाही तर तू ब्रेक दाबलाच नाहीस.

नाना माझ्याकडे बघत राहिला. मग उठून आत गेला. पुढे त्याने स्टिअरिंग धरलं नाही. दुसऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडण्या-भरण्याच्या कामाला गेला आणि त्यातच आयुष्य काढलं. माझ्याशी बोलणं बंद केलं असं नाही. राखीपौर्णिमा, भाऊबीज सगळं झालं. पण ट्रकचा विषय आमच्यात परत निघाला नाही. मला वाटायचं, त्याला चूक कळली आहे, म्हणून तो बोलत नाही.

असो. आता गॅरेजकडे येते.

गेल्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा झाला. त्यात एक जण भेटला, शाळेत असताना अगदी मागच्या बाकावरचा. आता महामार्गावर पिंपळगावच्या अलीकडे त्याचं मोठ्या गाड्यांचं गॅरेज आहे. "बाई, या एकदा" म्हणाला. बोलता बोलता मी सहज विचारलं, "काय रे, हवेचा दाब पूर्ण असताना ब्रेक लागणार नाही, असं होऊ शकतं का?" तो हसला नाही. म्हणाला, "बाई, बहुतेक वेळा तसंच होतं. तुम्ही याच, दाखवतो." मग गेले.

पहिल्यांदा त्याने मला ब्रेक चेंबर उघडून दाखवला. गॅरेजमधली पोरं त्याला बूस्टर म्हणतात. पत्र्याच्या दोन खोलगट वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात आणि भोवती पट्टी आवळावी, तसा आकार. मध्ये भाकरीएवढा रबराचा पडदा, त्याला डायफ्राम म्हणायचं. पडद्याच्या एका बाजूला हवा येते. दुसऱ्या बाजूला एक चकती, तिला जोडलेला लोखंडी दांडा आणि दांडा मागे आणणारी स्प्रिंग. एवढंच! मी तर फार गुंतागुंतीचं काहीतरी असेल असं समजत होते.

इंजिनवरचा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. काटा सात-आठ किलोपर्यंत जातो. ड्रायव्हर पेडल दाबतो तेव्हा त्याच्या पायाचा जोर चाकापर्यंत जात नाही. तो फक्त एक झडप उघडतो, जितकं दाबेल तितकी हवा सोडतो. ती हवा चेंबरमधल्या पडद्याला ढकलते, पडदा दांड्याला ढकलतो. मोठ्या गाड्यांवर जो चेंबर सर्रास असतो त्याला तीस नंबर म्हणतात, कारण त्याच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ तीस चौरस इंच. म्हणजे सुमारे 193 चौरस सेंटिमीटर. सात किलोने गुणलं तर जवळजवळ साडेतेराशे किलो. एका दांड्यावर एवढा जोर! मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हटलं, बघ, माझं गणित बरोबरच होतं.

पण दांडा पुढे जाऊन काय करतो? तो वीतभराहून थोड्या कमी लांबीच्या एका लोखंडी हाताला ढकलतो. याचं नाव स्लॅक अॅडजस्टर, गॅरेजच्या भाषेत नुसता स्लॅक. हा हात एक आडवा दांडा फिरवतो. त्या आडव्या दांड्याच्या टोकाला इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम असतो. तो फिरला की ब्रेकचे दोन शू फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर चाकाच्या ड्रमला आतून जाऊन टेकतात. घासतात, गरम होतात, चाक थांबतं.

इथे तो मला म्हणाला, "बाई, आता चेंबरची खोली बघा. पडदा किती पुढे जाईल? वाटी संपेपर्यंत. या चेंबरमध्ये दांडा अडीच इंच बाहेर येतो. त्यापुढे नाही."

लायनर झिजत जातात तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. म्हणून स्लॅक वेळोवेळी आवळायचा असतो. आवळलेला असला तर सव्वा-दीड इंचात ब्रेक धरतो. दोन इंचांवर गेला की गाडी बाहेर काढू नये, असा त्याचा नियम. कारण हातात उरतो अर्धा इंच. आणि तो अर्धा इंच घाट खातो.

घाट कसा खातो? उतारावर ब्रेक सारखा लागत राहिला की ड्रम तापतो. तापलेलं लोखंड प्रसरण पावतं, हेही मीच शिकवलेलं. ड्रम तापून फुगला की तो शूपासून आणखी लांब जातो. आता दांड्याला आणखी पुढे यावं लागतं, आणि पुढे तर जागा नाही. पडदा वाटीच्या तळाला जाऊन बसतो. टाकीत हवा भरपूर, काटा सातवर, पेडल पायाला घट्ट, साडेतेराशे किलोचा जोर तयार. पण तो सगळा जोर चेंबरच्या पत्र्यावर जातो, ड्रमवर नाही. शिवाय लायनरही अति तापले की त्यांची पकड जाते, ते वेगळंच.

"बाई, विहिरीवर दोर तोकडा पडला तर हातात कितीही ताकद असून उपयोग काय? बादली पाण्याला लागतच नाही," तो म्हणाला.

मी गप्प झाले. मी आठवीच्या वर्गात दरवर्षी सांगायची, भिंतीला घाम फुटेपर्यंत ढकला, भिंत हलली नाही तर कार्य शून्य. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. ओसरीवर मी पहिलं सूत्र लिहिलं, हे लिहिलंच नाही. जोर किती हे मोजलं, तो जोर पोचायला वाट किती उरली आहे हे विचारलंच नाही.

मी विचारलं, "आणि हँडब्रेक?" मग त्याने मागच्या चाकाचा दुहेरी चेंबर दाखवला. पुढचा अर्धा भाग नेहमीचा, मागच्या अर्ध्यात एक दणकट स्प्रिंग कोंडलेली. हिचा कारभार उलटा. गाडी चालू असताना हवा या स्प्रिंगला दाबून धरते. हवा काढली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. म्हणजे इथे हवा ब्रेक लावत नाही, हवा ब्रेक सोडवते. सकाळी ट्रक सुरू करून ड्रायव्हर लगेच निघत नाही, तो हवा भरायची वाट बघतो, त्यामागे हेही एक कारण. हवा गळून गेली तर गाडी पळत सुटू नये, जागेवर धरली जावी, अशी ही योजना. नाना काकांना तेच सांगत होता.

मला ही कल्पना फार आवडली, म्हणून घरी येऊन थोडं वाचलं. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने 1869 साली रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यातही हवा सोडली की ब्रेक लागायचा. पण डबे तुटून वेगळे झाले किंवा नळी फुटली तर ब्रेकच उरत नसे. काही वर्षांतच त्याने रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची वेगळी टाकी दिली आणि मुख्य नळीतला दाब उतरला की ब्रेक लागेल असं केलं. ट्रकमध्ये ते काम स्प्रिंग करते, पण विचार तोच, की बिघाड झाला तर तो थांबण्याच्या बाजूने व्हावा.

"पण," माझा विद्यार्थी म्हणाला, "ही स्प्रिंगही शेवटी त्याच दांड्याला ढकलते. दांड्याची वाट संपलेली असेल तर हिचाही इलाज नाही." म्हणजे नानाने हँडब्रेक ओढला, तोही खरंच ओढला होता.

त्या स्प्रिंगचा जोर एका टनाच्या आसपास असतो. ती बोल्टने आवळून बांधल्याशिवाय चेंबरची ती बाजू उघडायची नाही, असा त्याच्या गॅरेजचा कडक नियम आहे. अशा उघडण्यात माणसं दगावलेली आहेत. मला दाखवलेला पुढचा भागही त्याने स्प्रिंग बांधूनच खोलला होता. मागच्या बाकावरचा हा मुलगा नवीन पोरांना ते ज्या पद्धतीने समजावत होता ते बघून मला बरं वाटलं. माझ्यापेक्षा बरा शिक्षक झाला असता.

मग त्याने चाकांना ओंडके लावले, हँडब्रेक सोडला आणि माझ्या हातात खडू दिला. दांडा जिथे चेंबरमधून बाहेर येतो तिथे खूण करायला सांगितली. एका पोराने वर जाऊन ब्रेक दाबला. फुस्स आवाज होऊन दांडा पुढे आला. खुणेपासून टेपने मोजलं तर पावणेदोन इंच. "आवळायला झाला," तो म्हणाला. फोटो तेव्हाचाच. दहा टायरी गाडीला असे सहा चेंबर. सगळे मोजायचे. कारण दोन चाकांचे सैल असले तर बाकीच्या चार चाकांवर सगळा भार पडतो, ती जास्त तापतात, आणि मग तीही हात टेकतात. हल्ली नव्या गाड्यांना आपोआप आवळला जाणारा स्लॅक येतो. तरीही तो मोजतोच.

निघताना मी त्याला 1993 ची हकिगत सांगितली, नाव न घेता. त्याने फक्त एक विचारलं, "चाकातून धूर निघत होता का?"

मंडळी, क्लीनर पोरगा दवाखान्यात हेच सांगत होता. "बाई, मागच्या चाकांतनं धूर येत होता, वास मारत होता." मी त्याला म्हटलं होतं, तू आता पडून राहा. तो आपल्या ड्रायव्हरला वाचवायला बोलतोय, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नानाकडे गेले. तो अंगणात खाटेवर बसला होता. सत्तरी उलटली आहे, मोडलेला हात थंडीत अजून दुखतो. मी पिशवीतून कागद काढला. त्यावर चेंबर, पडदा, दांडा, स्लॅक, सगळं काढून नेलं होतं. त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, "नाना, तू खरं बोलत होतास. चूक माझी होती."

त्याने चष्मा लावून चित्र बघितलं. स्लॅकचा कोन मी चुकीचा काढला होता, तो त्याने नखाने दाखवला. मग म्हणाला, "ताई, मला हे तेव्हाही माहीत होतं. तुझ्या कागदासमोर सांगता आलं नाही."

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "लायनर संपत आले होते. मालकाला म्हटलं, एक दिवस गाडी गॅरेजला लावू. तो म्हणाला, भाव उतरतोय, एवढी खेप करून ये. निदान स्लॅक तरी निघायच्या आधी आवळायचे. ते काम माझं होतं. रात्री भरणी उशिरा झाली, म्हटलं इगतपुरीला आवळू. इगतपुरीला पाऊणशे गाड्यांची रांग, राहिलं. ते माझंच. त्या पोराच्या पायाला मी नाही कधी म्हटलं नाही. पण मी झोपलो नव्हतो, ताई. आणि मी ब्रेक दाबला होता."

यावर मी काय बोलणार? आत जाऊन चहा ठेवला. वहिनी म्हणाली, आज काय भावा-बहिणीचं चाललंय. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलं. लागणे हे अकर्मक, लावणे हे सकर्मक. "ब्रेक लावला नाही" म्हटलं की कर्ता माणूस. "ब्रेक लागला नाही" म्हटलं की माणसाने आपलं केलं, पुढचं घडलं नाही. नाना दर वेळी "लागला नाही" म्हणत होता आणि मी दर वेळी "लावला नाही" ऐकत होते. एवढा फरक पाचवीच्या मुलालाही कळतो.

वर्तमानपत्रात अजूनही वाचते, "ब्रेक निकामी झाल्याने ट्रक उलटला." पूर्वी मी पुढचं पान उलटायची. आता वाटतं, कुणी दांडा मोजला होता का? कुणी एक दिवस मागितला होता का, आणि कुणी नाही म्हटलं होतं का?

भाच्या, हे तुझ्यासाठी. तुझ्या वडिलांना माझ्या कागदामुळे घरात जे ऐकावं लागलं ते परत घेता येत नाही. पण निदान आपल्या घरात तरी ही हकिगत यापुढे अशीच सांगितली जावी.

आणि गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना एक सांगणं. 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपुढचा टप्पा सुरू झाला आणि बोगद्यातून खाली उतरता येतं, तरी घाटाने जाणाऱ्या जड गाड्या आहेतच. घाटात एखादा भरलेला ट्रक खालच्या गियरमध्ये मुंगीच्या पावलांनी उतरत असेल तर मागून हॉर्न वाजवू नका. तो हळू आहे कारण त्याला ड्रम थंड ठेवायचे आहेत. आणि त्याच्यापुढे घुसून ब्रेक मारू नका. त्याच्या दांड्यात किती इंच उरले आहेत, ते तुम्हाला माहीत नसतं.

गेल्या आठवड्यात मुलाबरोबर ठाण्याला जाताना मी मुद्दाम जुन्या घाटाने न्यायला सांगितलं. नानालाही बरोबर घेतलं होतं. घाट संपेपर्यंत तो खिडकीतून बघत होता. पुढे एक दहा टायरी चालली होती. मुलगा ओव्हरटेक करायला निघाला तेव्हा नाना हळूच म्हणाला, "राहू दे रे. जाऊ दे त्याला त्याच्या चालीने."

कसाऱ्यापर्यंत आम्ही त्याच्या मागेच राहिलो.